चवदार तळ्याआधीचा एक दिवस

महाडचे नाव निघाले की २० मार्च १९२७ ही तारीख मराठी वाचकाला वेगळी सांगावी लागत नाही. त्या दिवसाच्या साडेतीन वर्षांहून थोडे आधी, ४ ऑगस्ट १९२३ रोजी, मुंबईच्या कायदेकौन्सिलात एक ठराव संमत झाला होता. आंबेडकरांच्या चरित्रांत तो बहुधा एका-दोन वाक्यांत येतो, ‘बोले ठराव’ या नावाने, आणि मग लेखकही वाचकही घाईघाईने तळ्याकडे निघतात. ही घाई समजण्यासारखी आहे. कौन्सिलातल्या कामकाजात नाट्य कमी आणि कागद जास्त. पण महाडला जे घडले ते त्याच वाटेने का घडले, तळ्याचा वाद शेवटी धर्मपीठापुढे न जाता दिवाणी कोर्टात का गेला, याचे उत्तर त्या ऑगस्टमधल्या कागदात आहे.

आधी ते कौन्सिल काय होते ते पाहिले पाहिजे. १९१९च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी प्रांतिक कारभाराचे दोन भाग पाडले. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही ‘सोपीव’ खाती हिंदी मंत्र्यांकडे आली. पोलीस, न्याय, जमीनमहसूल आणि तिजोरी ही ‘राखीव’ खाती गव्हर्नर आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडेच राहिली. म्हणजे शाळा काढायची मंत्र्याने आणि पैसे मागायचे गव्हर्नरच्या माणसाकडे. द्विदल राज्यपद्धती हे तिचे भारदस्त नाव. सिंधपासून कारवारपर्यंत पसरलेल्या मुंबई इलाख्याच्या कौन्सिलात आता निवडून आलेल्या सभासदांचे बहुमत होते, पण मतदार मोजकेच. जमीनमहसूल किंवा कर भरणाराच मतदार. मराठे आणि तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेवलेल्या होत्या. अस्पृश्य वर्गासाठी निवडणुकीची जागा एकही नव्हती. सरकारने नेमलेला एक प्रतिनिधी, बस्स. साउथबरो कमिटीपुढे जानेवारी १९१९ मध्ये साक्ष देताना सत्तावीस वर्षांच्या आंबेडकरांनी अस्पृश्यांना मताचा आणि आपले प्रतिनिधी आपण निवडण्याचा हक्क मागितला होता, तो मिळाला नाही. पहिल्या कौन्सिलातली ती नियुक्त जागा ज्ञानदेव घोलप यांच्याकडे गेली. आंबेडकर लंडनला गेल्यावर त्यांचे ‘मूकनायक’ पत्र चालवणारे ते हेच.

दुसरी गोष्ट, काँग्रेसने १९२०च्या निवडणुकांवर बहिष्कार टाकला. असहकाराच्या त्या लाटेत कौन्सिलात जाणे म्हणजे सरकारची तळी उचलणे, असा सर्वसाधारण समज होता. त्यामुळे बाकांवर आले ते मवाळ, ब्राह्मणेतर पक्षाचे लोक, जमीनदार, व्यापारी आणि मुंबईतले समाजसुधारक. राष्ट्रीय इतिहासाने या मंडळींना फारसे मनावर घेतले नाही. स्वराज्याच्या प्रश्नावर ते मिळमिळीत होते हे खरेच. पण सामाजिक प्रश्नांवर या ‘मिळमिळीत’ कौन्सिलाने जे केले ते तेव्हाच्या काँग्रेसच्या व्यासपीठावरून होणे अवघड होते. १९२१ मध्ये याच कौन्सिलाने स्त्रियांना पुरुषांच्या अटींवर मताधिकार दिला. १९२३ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची वाट मोकळी करणारा आणि प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांच्या हाती देणारा कायदा संमत झाला. तेव्हा शिक्षणमंत्री होते रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. आणि कौन्सिलाचे पहिले अध्यक्ष होते सर नारायण चंदावरकर, विठ्ठल रामजी शिंद्यांनी १९०६ साली स्थापन केलेल्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनचेही अध्यक्ष. चंदावरकर मे १९२३ मध्ये वारले. अस्पृश्यांच्या पाण्याच्या हक्काचा ठराव त्यांच्या अध्यक्षतेखाली मंजूर झाला असता तर एक वर्तुळ पूर्ण झाले असते, पण इतिहास असली वर्तुळे पूर्ण करण्याच्या भानगडीत पडत नाही.

सभागृहाबाहेर तोवर बरेच घडून गेले होते. जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला त्याला अर्धशतक उलटले होते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ साली हुकूम काढून सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, दवाखाने, शाळा यांत अस्पृश्यांना मज्जाव करता येणार नाही असे बजावले होते. पण शाहूंचा हुकूम हा राजाचा हुकूम होता. राजा गेला, १९२२च्या मे महिन्यात गेलाच, की हुकुमाचे काय होते हे कारभार पाहिलेल्या कुणालाही सांगायला नको. ब्रिटिश मुलखात असा राजा नव्हता. तिथे सरकारचे धोरण १८५८पासून ठरलेले: रयतेच्या धर्मात आणि रूढीत हात घालायचा नाही. अस्पृश्य गावच्या विहिरीवर जाऊ शकत नाही ही रूढी, आणि रूढी म्हटली की कलेक्टरचे हात वर. पाण्याच्या प्रश्नाला हात घालायचा तर तो रूढीच्या कप्प्यातून बाहेर काढणे भाग होते. बोल्यांच्या ठरावाने नेमके हेच साधले.

सीताराम केशव बोले हे मुंबईचे, भंडारी समाजातले. जन्म १८६८चा. मुंबईतल्या गिरणगावात ज्या पिढीने सभा, वाचनालये, रात्रीच्या शाळा आणि मजुरांच्या संस्था उभ्या केल्या त्या पिढीतले. कामगार हितवर्धक सभेच्या कामात ते पुढे होते. गिरणीमालकांशी आणि सरकारशी अर्जविनंत्यांच्या भाषेत बोलणारी ही सभा, संप पुकारणारी नव्हे. पुढे रावबहादूर झाले. या माणसाचा स्वभाव कळायला एक प्रसंग पुरे. १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कुलातून भीमराव आंबेडकर नावाचा महार मुलगा मॅट्रिक झाला, तेव्हा त्याच्या सत्कारासाठी सभा भरली. अध्यक्ष होते बोले. त्याच सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले. केळुसकरांच्या त्या पुस्तकाबद्दल खूप लिहिले गेले आहे आणि ते रास्तच आहे. खुर्चीवर बसलेल्या अध्यक्षांकडे मात्र फार कुणाचे लक्ष गेलेले नाही.

बोले क्रांतिकारक नव्हते. कौन्सिलाच्या नियमांत काय बसते आणि काय बसत नाही याची त्यांना नेमकी जाण होती. ग्रामजोशाने लग्नकार्य लावले नाही तरी त्याला दक्षिणा द्यावीच लागे, आणि न दिल्यास तो कोर्टात वसुलीचा दावा लावू शके. त्याविरुद्ध बोल्यांनी आणलेले ‘जोशी बिल’ त्या काळात गाजले. त्या बिलामागचा विचार आणि पाण्याच्या ठरावामागचा विचार एकाच जातीचा आहे. तुमचे शास्त्र तुमच्याजवळ ठेवा, पण त्या शास्त्राची वसुली करायला सरकारी यंत्रणा वापरू नका.

४ ऑगस्ट १९२३च्या ठरावाचा मजकूर छोटा आहे. सार्वजनिक पैशातून बांधलेले व चालवलेले, किंवा सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या कारभाराखाली असलेले सर्व पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कोर्टे, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य वर्गांना वापरू द्यावेत, अशी शिफारस हे कौन्सिल करत आहे. एवढेच. त्यात देऊळ नाही. खाजगी विहीर नाही. रोटीव्यवहार, बेटीव्यवहार, वर्णाश्रम, पापपुण्य यांचा उल्लेख नाही. अस्पृश्यता वाईट आहे असेसुद्धा त्यात म्हटलेले नाही.

आज वाचताना हा मजकूर बेतास बात वाटतो. त्याची धार आहे ती ‘सार्वजनिक पैसा’ या एका कसोटीत. तळे कुणी खोदले, पाण्याला विटाळ होतो की नाही, पूर्वापार काय चालत आले, हे सगळे प्रश्न बाजूला ठेवून बोले एकच विचारतात: खर्च कुणाच्या पैशातून झाला आणि कारभार कोण पाहतो? उत्तर ‘सरकार’, ‘म्युनिसिपालिटी’ किंवा ‘लोकल बोर्ड’ असे असेल तर तिथे जात विचारण्याचे कारण नाही. करदात्याचा हा हिशेब इंग्रज अधिकाऱ्याला कळणारा होता आणि मवाळ सुधारकाला झेपणारा. सनातनी सभासदाची मात्र त्याने पंचाईत केली. विरोध करायचा तर त्याला सभागृहात उभे राहून म्हणावे लागले असते की सरकारी दवाखान्यात महाराला औषध मिळू नये. यादीत विहिरीशेजारी दवाखाना आणि कोर्ट बसवण्यात बोल्यांची मुत्सद्देगिरी दिसते.

आता ठरावाची दुसरी बाजू. तो कायदा नव्हता. कौन्सिलाचा ठराव म्हणजे सरकारला केलेली शिफारस. सरकारने ती मानली तर मानली. मोडणाऱ्याला शिक्षा नाही, पाळणाऱ्याला संरक्षण नाही. द्विदल पद्धतीने आणखी एक पेच घालून ठेवला होता. यादीतले पाणवठे, शाळा, दवाखाने मंत्र्यांच्या सोपीव खात्यांत, तर कोर्टे आणि महसुली कचेऱ्या राखीव खात्यांत. आणि उद्या एखाद्या तळ्यावर मारामारी झालीच, तर तिथे जाणारा पोलीस राखीव खात्याचा. मंत्र्याच्या हाती विहीर आणि गव्हर्नरच्या हाती लाठी, अशी ही वाटणी.

सरकारने ठराव फेटाळला नाही. ११ सप्टेंबर १९२३ रोजी, म्हणजे सवा महिन्यातच, त्यावर आदेश निघाला. हा आदेश मुद्दाम सावकाश वाचावा असा आहे. त्याचे दोन भाग होते. सरकारच्या मालकीच्या आणि सरकारी खर्चाने चालणाऱ्या जागांपुरता ठराव अंमलात आणावा, असा सर्व खातेप्रमुखांना हुकूम. हा पहिला भाग सरळ. दुसऱ्या भागात कलेक्टरांना सांगितले होते की आपल्या हद्दीतल्या स्थानिक संस्थांनी, त्यांच्यापुरती ही शिफारस स्वीकारणे इष्ट आहे की कसे, याचा विचार करावा, असा सल्ला त्यांना द्यावा. म्हणजे कलेक्टरने सल्ला द्यायचा, संस्थेने विचार करायचा, आणि विचार कशाचा, तर इष्टतेचा. सचिवालयात मसुदे लिहिणाऱ्या माणसाचे कसब यापुढे जात नाही.

गोम अशी की गावोगावच्या विहिरी, तळी, धर्मशाळा आणि आता नव्या कायद्याने प्राथमिक शाळासुद्धा या दुसऱ्या भागात येत होत्या. सरकारी कोर्टात जाऊन तहान भागत नाही. पाणी होते म्युनिसिपालिट्यांकडे आणि लोकल बोर्डांकडे. आणि तिथे निवडून बसलेले लोक सावकार, खोत, पाटील, वकील, व्यापारी अशा स्पृश्य जातींतलेच. ज्यांनी पाणी अडवले होते त्यांनाच पाणी सोडण्याच्या इष्टतेचा विचार करायला सांगितले गेले. स्थानिक स्वराज्य म्हणजे लोकशाहीची पहिली पायरी, असे आपल्याकडे सांगतात. अस्पृश्यांच्या दृष्टीने त्या काळी ती पहिली अडवणूक होती. गोऱ्या कलेक्टरपेक्षा गावचा निवडून आलेला सभासद वळवणे कठीण.

म्हणून महाड अपवाद ठरले. कुलाबा जिल्ह्यातले, सावित्री नदीकाठचे हे तालुक्याचे गाव, मोठी बाजारपेठ. आसपासच्या खेड्यांतले महार, चांभार इथे बाजाराला येत, महसुली कचेरीत येत, कोर्टकामाला येत. गावात चार-पाच एकरांचे चवदार तळे होते, त्याभोवती रस्ता आणि रस्त्यापलीकडे सवर्णांची घरे. मुसलमान तळ्याचे पाणी भरत. बाजाराला आलेला अस्पृश्य मात्र तहान लागली तर गावाबाहेर जाई. म्युनिसिपालिटीचे अध्यक्ष होते सुरेंद्रनाथ टिपणीस, जातीने कायस्थ प्रभू, विचाराने सुधारक. त्यांच्या कारकिर्दीत ५ जानेवारी १९२४ रोजी महाड म्युनिसिपालिटीने ठराव केला: अस्पृश्यांनी तळे वापरण्यास म्युनिसिपालिटीची हरकत नाही. कौन्सिलाच्या शिफारशीला पाच महिन्यांत होकार देणारी ही कोकणातली छोटी म्युनिसिपालिटी होती, आणि तरी पुढची तीन वर्षे एकाही अस्पृश्याने त्या तळ्यावर ओंजळ भरली नाही. म्युनिसिपालिटीची हरकत नव्हती. तळ्याभोवतीच्या घरांची होती.

कौन्सिलात बोले स्वस्थ बसले नव्हते. ५ ऑगस्ट १९२६ रोजी, पहिल्या ठरावाला तीन वर्षे आणि एक दिवस झाल्यावर, त्यांनी दुसरा ठराव आणला. ज्या म्युनिसिपालिट्या आणि लोकल बोर्डे पहिला ठराव अंमलात आणायला नकार देतील त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे. हा ठरावही संमत झाला, हीही शिफारसच. पण बोल्यांची विचारसरणी इथे आणखी उघड होते. पहिल्या वेळी त्यांनी पैशावरून हक्क ठरवला, दुसऱ्या वेळी पैशावरूनच शिक्षा सुचवली. सल्ल्याचा अनुभव घेऊन झाल्यावर एका मवाळ माणसाला सुचलेला हा सगळ्यात कडक उपाय होता.

त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने डॉ. आंबेडकरांना कौन्सिलावर नेमले. १९२३ साली लंडनहून परतलेले, उच्च न्यायालयात वकिलीची सुरुवात करून बसलेले, १९२४ पासून बहिष्कृत हितकारिणी सभा उभी करणारे आंबेडकर फेब्रुवारी १९२७ मध्ये सभासद झाले. २४ तारखेला त्यांनी अर्थसंकल्पावर पहिले भाषण केले. महिना उलटायच्या आत ते महाडला होते. हा तपशील नेहमी निसटतो: चवदार तळ्यावर पहिली ओंजळ घेणारा माणूस स्वतः मुंबई कायदेकौन्सिलाचा विद्यमान सभासद होता, आणि तो जे करत होता त्याला त्याच कौन्सिलाने साडेतीन वर्षांपूर्वी मान्यता दिलेली होती.

महाडची परिषद हे स्थानिक कार्यकर्त्यांचे, विशेषतः रामचंद्र बाबाजी मोरे यांच्या चिकाटीचे फळ. १९ आणि २० मार्च १९२७ असे दोन दिवस कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. हजारोंच्या जमावासाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. ज्या गावाचे तळे कागदावर तीन वर्षे खुले होते त्या गावात. परिषदेने मंजूर केलेल्या ठरावांत एक सरकारला उद्देशून होता: बोले ठरावाची अंमलबजावणी करा, आणि त्यासाठी गरज पडली तर १४४ कलम लावा. जमावबंदीचे कलम अडवणाऱ्यांवर लावा, ही मागणी आजही कानाला अनोळखी वाटते. मग अनंतराव चित्र्यांनी सूचना मांडली की परिषद संपवण्याआधी सर्वांनी तळ्यावर जाऊन पाणी घ्यावे. पुढचे सर्वश्रुत आहे. चार-चारच्या रांगा, आंबेडकरांची ओंजळ, परतल्यावर वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी उठवलेली हाकाटी, आणि जेवत असलेल्या, गावाकडे निघालेल्या माणसांवर झालेला हल्ला. आंबेडकरांनी आपल्या माणसांना प्रतिहल्ला करू दिला नाही. त्यांत लष्करातून निवृत्त झालेले बरेच होते, हे लक्षात घेतले तर त्या संयमाची किंमत कळते. नंतर १०८ घागरी पाणी काढून, पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. जूनमध्ये हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

आणि मग ४ ऑगस्ट १९२७. बोले ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी महाड म्युनिसिपालिटीने आपला १९२४चा ठराव रद्द केला. तारीख जुळली हा योगायोगच असावा. पण त्या रद्दीकरणाने १९२३च्या आदेशातला दुबळेपणा उघडा पडला. विचार करण्याचा सल्ला ज्याला दिला, तो विचार बदलूही शकतो. अनुदान तोडण्याची शिफारस एक वर्ष जुनी झाली होती आणि तिचा धाक महाडला कुणाला वाटला असे दिसत नाही.

आंबेडकरांनी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह जाहीर केला. तेव्हा तळ्याभोवतीच्या सनातन्यांनी एक पाऊल उचलले, आणि माझ्या मते या सगळ्या कथेत सर्वांत जास्त बोलके पाऊल तेच आहे. त्यांनी शंकराचार्यांचे आज्ञापत्र आणले नाही. १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लावला. दाव्यात धर्मशास्त्राला दुय्यम जागा होती. म्हणणे असे की चवदार तळे सार्वजनिक नाहीच, त्यावर स्पृश्यांची मालकी आहे, आणि अस्पृश्यांना तिथे मज्जाव ही अनादी काळापासूनची वहिवाट आहे. सार्वजनिक असेल तर जात विचारता येणार नाही, ही कसोटी विरोधकांनीही मनोमन मान्य केली होती; म्हणून तर तळे खाजगी ठरवायची धडपड. १४ तारखेला कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. २५ डिसेंबरला, फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिलेल्या जागेवर मांडव घालून भरलेल्या परिषदेत, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या ठरावानुसार मनुस्मृती जाळण्यात आली. तळ्यावर मात्र त्या वेळी कुणी उतरले नाही. कोर्टाचा हुकूम मोडायचा नाही असे आंबेडकरांनी ठरवले आणि लोकांनी मोठ्या नाराजीने मानले. एकाच महिन्यात एकाच गावात एका पक्षाने धर्मग्रंथ जाळला आणि दुसऱ्याने तो गुंडाळून ठेवून मालकीचे कागद काढले.

दावा नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. महाडच्या कोर्टात जून १९३१ मध्ये आंबेडकरांच्या बाजूने निकाल लागला, ठाण्याच्या अपिलात जानेवारी १९३३ मध्ये तोच कायम झाला, आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने दुसरे अपीलही फेटाळले. निकाल लिहिला न्यायमूर्ती ब्रूमफिल्ड यांनी. १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना राजद्रोहाखाली सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश तेच. त्यांचा युक्तिवाद अरुंद होता. तळे म्युनिसिपालिटीकडे निहित आहे, आणि मज्जावाची वहिवाट अनादी असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही. इंग्रजी अमलापूर्वी असा मज्जाव कोर्टाला मान्य करता येईल इतक्या पक्क्या स्वरूपात होता की नाही, याचीच त्यांना शंका होती. वहिवाट सिद्ध झाली असती तर ती अवाजवी किंवा लोकहिताविरुद्ध आहे का, हा प्रश्न कदाचित पाहावा लागला असता, पण ती वेळच आली नाही, असे म्हणून त्यांनी थांबायचे तिथे थांबून घेतले. अस्पृश्यांना पाण्याचा हक्क आहे, असे निकालात कुठेही ठामपणे म्हटलेले नाही. सवर्णांना अडवण्याचा हक्क सिद्ध झाला नाही, एवढेच. बोले ठरावाचे नाव विजयाच्या ओळींत नाही, पण त्याने घातलेला सार्वजनिक-खाजगी हा पेच सोडवल्याशिवाय निकाल लागू शकला नाही.

निकालाच्या आधी महिनाभर, फेब्रुवारी १९३७ मध्ये, नव्या घटनेखाली निवडणुका झाल्या होत्या. स्वतंत्र मजूर पक्षाचे आंबेडकर आता नेमलेले नव्हे, निवडून आलेले सभासद होते. टिपणीस आणि चित्रे हे महाडचे साथीदारही त्यांच्याच पक्षातर्फे नव्या असेंब्लीत आले. द्विदल पद्धत संपली होती. विहीर आणि लाठी दोन्ही आता मंत्रिमंडळाच्या हाती होती, म्हणजे जबाबदारी कुणाची हा प्रश्न तरी सुटला होता.

बोले ठरावाचे मोल करताना दोन टोके टाळावीत असे वाटते. ठराव झाला म्हणून महाड झाले, असे म्हणणे मोरे, चित्रे आणि तळ्यावर चालत गेलेल्या हजारो माणसांवर अन्याय आहे. इलाख्यात इतर शेकडो विहिरींवर ठराव लागू होता आणि तिथे काहीच घडले नाही. उलट ठराव म्हणजे नुसता कागद होता हे म्हणणेही खरे नाही. त्या कागदामुळे २० मार्चची कृती बंड न राहता कायदेशीर हक्काची बजावणी झाली. सरकारला सनातन्यांच्या बाजूने उघडपणे उभे राहता आले नाही तेही त्यामुळेच. देवळांच्या बाबतीत असा कागद नव्हता. काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० पासून पाच वर्षे रेंगाळला, त्याची इतर कारणे आहेत. पण देऊळ बोल्यांच्या यादीबाहेर होते हेही एक.

शिफारशीला दात फुटायला आणखी बरीच वर्षे लागली. बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, १९४६ साली, मुंबई प्रांताने हरिजनांवरील सामाजिक निर्बंध दूर करणारा कायदा केला आणि पाणवठ्यावर अडवणे हा गुन्हा ठरला. घटना समितीने पंधराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात विहिरी, तळी, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा यांची यादी केली, आणि कसोटी लावली ती राज्याच्या निधीतून पूर्णतः किंवा अंशतः चालवलेल्या, अथवा लोकांच्या वापरासाठी अर्पण केलेल्या जागांची. मसुदा समितीच्या अध्यक्षस्थानी डॉ. आंबेडकर होते. ‘अंशतः’ हा शब्द आणि ‘अर्पण केलेल्या’ जागांची भर महत्त्वाची. चवदार तळे खाजगी ठरवण्यासाठी जी पळवाट शोधली गेली होती ती दोन्हींनी बुजते. १९५५च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याने त्याला देशभर शिक्षेची जोड दिली: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. रावबहादूर बोले तेव्हा हयात होते. मधल्या काळात ते हिंदू महासभेच्या वाटेने गेले होते आणि आंबेडकरांची वाट वेगळी झाली होती. ते वारले १९६१च्या जानेवारीत, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी.